वजनपंडित

भीमा नदीवर १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणामागे यशवंतसागर नावाने जो अफाट जलाशय पसरला आहे, त्याच्या भिगवणकडच्या काठावर गळ टाकणाऱ्यांच्या टोळक्यापाशी बहुधा एक असा गृहस्थ आढळतो, की ज्याच्या हातात गळ नसतो, पिशवीत मासा नसतो आणि जवळ वजनकाटाही नसतो. तरीही पाण्याबाहेर आलेल्या प्रत्येक माशाचे वजन जाहीर करण्याचा मान त्याच्याकडेच असतो, आणि तो त्याला कोणी दिला हे विचारण्याची रीत नाही. या गृहस्थास येथे सोयीसाठी वजनपंडित म्हटले आहे. जलाशयात उदंड सापडणारी चिलापी त्याच्या खिजगणतीत नसते, कारण तळहाताएवढ्या माशाचा अंदाज कोणीही बांधू शकतो आणि जे कोणालाही जमते त्यात पांडित्याला वाव उरत नाही.

त्याचे खरे क्षेत्र म्हणजे मिशाळ मासे, अर्थात अंगावर खवले नसलेले आणि तोंडाभोवती चाचपण्याच्या कामी येणाऱ्या मांसल मिशा बाळगणारे शिंगटा व शिवडा यांसारखे मासे होत. या माशांची घडणच अशी आहे, की त्यांच्याविषयी मतभेद व्हावेत: शिंगट्याचे डोके रुंद व चपटे असते आणि देह शेपटीकडे निमुळता होत जातो, तर शिवड्याचा जबडा नि पोट पाहून जी छाती दडपते ती पोटामागचा लांबलचक, दोन्ही बाजूंनी दाबलेला भाग पाहताच पुन्हा पूर्ववत होते. परिणामी एकच मासा तोंडाकडून पाहणाऱ्यास सात किलोचा आणि शेपटीकडून पाहणाऱ्यास तीन किलोचा वाटू शकतो. वजनपंडित कधीही शेपटीकडे उभा राहत नाही.

शिंगट्याच्या पाठीवरील व छातीजवळील परांत ताठ, दातेरी काटे असतात आणि ते लागल्यास हात बराच वेळ ठणकतो, म्हणून मासा पकडणारा नवखा असल्यास तो आपली शिकार आनंदाने पंडिताच्या स्वाधीन करतो. येथून विधीला आरंभ होतो. पंडित कल्ल्यात बोटे अडकवून मासा उचलतो, किंचित खाली सोडतो, पुन्हा उचलतो, डोळे मिटतो, मासा दुसऱ्या हातात घेतो (उजव्या हाताला सवयीमुळे वजन कमी भासते, असे त्याचे शास्त्र सांगते), पोट दाबून आत गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, आहे की नाही हे पाहतो आणि मग आकाशाकडे बघत निर्णय देतो, ‘‘भाऊ, सात किलोला मरण नाही.’’ नेमका आकडा न देता त्याखाली वजन जाऊच शकत नाही असे सांगणे, ही या निर्णयाची शैली होय. तिच्यामुळे चुकण्याची अर्धी शक्यता आधीच निकालात निघते.

वस्तुतः काट्याविना वजन काढण्याची एक बऱ्यापैकी रीत गळवाल्यांमध्ये प्रचलित आहे. माशाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी, शरीराच्या सर्वांत जाड भागाचा घेर मोजून त्याचा वर्ग करावा, दोहोंचा गुणाकार करावा आणि त्यास सुमारे २९,००० ने भागावे, म्हणजे वजन किलोग्रॅममध्ये मिळते; इंच आणि पौंड वापरणारे हाच भागाकार ८०० ने करतात. उदाहरणार्थ, ९० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर घेराचा मासा या हिशेबाने पाच किलोच्या आसपास भरतो. हे सूत्र सर्वसाधारण माशासाठी आहे, मिशाळ माशाच्या विषम बांध्याला ते तंतोतंत लागू पडत नाही, इतकी पुस्ती त्यास जोडली पाहिजे. पंडिताला हे सूत्र ठाऊक असते, आणि ते कोठे लवते हेही. घेर मोजण्यासाठी तो तंगूस, म्हणजे गळाला वापरतात तो नायलॉनचा दोरा, माशाभोवती गुंडाळतो तेव्हा तो चार सेंटिमीटर सैल राहिला, तर घेराचा वर्ग होत असल्यामुळे पाच किलोचे सहा किलो होतात. लांबीचे सामर्थ्य तर याहून मोठे आहे. बांधा तोच राहून मासा वाढला तर त्याचे वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ९० सेंटिमीटरच्या माशाचे वर्णन करताना दोन्ही हातांमध्ये केवळ एक वीत अंतर अधिक सोडले, की ऐकणाऱ्याच्या मनात मासा जवळजवळ दुप्पट वजनाचा होतो. इतका संयमी खोटेपणा इतर फारच थोड्या व्यवसायांत आढळेल.

मात्र या साऱ्यावरून पंडिताची नजर कच्ची आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मासा कोणाचा आहे हे कळल्याशिवाय तो आकडा उच्चारत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. पाहुण्याचा मासा सात किलोचा असतो, मेहुण्याचा चारचा, आणि त्याच्या स्वतःच्या तरुणपणी गळ तोडून गेलेला शिवडा, ज्याचे वजन तो अजूनही शेरांत सांगतो, दर पावसाळ्यात थोडा थोडा वाढत असतो. परंतु हाच गृहस्थ बाजारात मासळी उक्ती, म्हणजे न जोखता ठोक दराने, विकत घेण्यास उभा राहिला, की त्याचा अंदाज पावशेराच्या आत येतो आणि तोही मासा न उचलता, नुसत्या तिरप्या नजरेने.

या विसंगतीचा उलगडा इंग्लंडातील एका जुन्या प्रयोगात सापडतो. प्लिमथ येथील पशुप्रदर्शनात एका बैलाचे, कापून स्वच्छ केल्यानंतर भरणारे वजन ओळखण्याची स्पर्धा झाली होती, आणि तिच्यातील ७८७ चिठ्ठ्या तपासून फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ साली दाखवून दिले, की सर्व अंदाज चढत्या क्रमाने मांडले असता मधोमध येणारा अंदाज १२०७ पौंड होता आणि प्रत्यक्ष वजन भरले ११९८ पौंड. लोकसमूहाच्या शहाणपणाचा दाखला म्हणून हा प्रयोग नेहमी सांगितला जातो. पण प्रत्येक चिठ्ठीमागे सहा पेन्स मोजावे लागत असल्याने थट्टामस्करी करणारे दूर राहिले, ही गाल्टन यांनीच नोंदवलेली बाब सहसा गाळली जाते. उजनीच्या काठावर अंदाजाला प्रवेशशुल्क नाही.

अलीकडे तरुण गळवाले हुकाला लटकवायचा छोटा विजेरी काटा बाळगू लागले आहेत, आणि या उपकरणाने पंडिताची सद्दी संपेल अशी भीती कोणास वाटत असल्यास ती अनाठायी आहे. काट्यावर ४.८ हा आकडा उमटताच तो प्रथम सेल उतरले असल्याची शंका घेतो, नंतर मासा बाहेर काढल्यापासून किती सुकला याचा हिशेब मांडतो, आणि तरीही कोणी हटून बसल्यास त्या काट्यावर वैधमापन खात्याचा, म्हणजे वजनमापे तपासून प्रमाणित करणाऱ्या सरकारी खात्याचा, चालू वर्षाचा शिक्का आहे काय, असा प्रश्न अत्यंत गंभीरपणे विचारतो. शिक्का अर्थातच नसतो. वाद अनिर्णित राहतो, मासा सात किलोचाच राहतो आणि थोड्या वेळाने त्याचे तुकडे करून वाटे घातले जातात; त्या वेळी काटा पिशवीत परत गेलेला असूनही आपल्या वाट्यात एक छटाक कमी आल्याचे पंडिताच्या तत्काळ ध्यानात येते.