एका उदार प्लगइनास खुले पत्र

राजमान्य राजश्री प्लगइनसाहेब यांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत? आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वर्डप्रेसवर चालणाऱ्या वेबसाइटवर सभासदांच्या नेहमीच्या प्रश्नांचे एक पान हवे होते. प्रश्नावर क्लिक केले की खाली उत्तर उघडावे, एवढेच. त्या एका ब्लॉकसाठी आपल्याला बोलावले, तर आपण सारे गणगोत घेऊन आलात: उलटी मोजणी करणारे घड्याळ, तीन रकान्यांचे दरपत्रक, ग्राहकांचे फिरते अभिप्राय. पुस्तके घरी नेऊन वाचायला देणाऱ्या संस्थेला दरपत्रकाची केवढी निकड असते, हे आपणच ओळखलेत.

आपला विनयही थोर. वर्डप्रेसने ६ डिसेंबर २०१८ रोजी ५.० आवृत्तीत गुटेनबर्ग हा ब्लॉक एडिटर आणला आणि त्यानंतर एकेक ब्लॉक मुळातच देऊ केला. उघडझाप करणारा ‘डिटेल्स’ ब्लॉक ऑगस्ट २०२३ मध्ये, ६.३ आवृत्तीत आला. म्हणजे आपण जे काम करायला आलात, ते घरात आधीच होत होते. आपण मात्र ब्लॉकच्या यादीत आपलीच मंडळी सर्वांत वर बसवलीत, म्हणजे आमची नजर खाली जाऊन थकायला नको.

डॅशबोर्डवर आपण जो उत्सव मांडलात, त्याबद्दल तर शब्दच नाहीत. डावीकडे आपला स्वतंत्र मेनू, वर सवलतीची पट्टी आणि निम्म्या ब्लॉकवर ‘प्रो’चे कुलूप. पट्टी बंद केली की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! प्लगइनने डॅशबोर्ड बळकावू नये, सूचना बंद करता आल्या पाहिजेत, असे वर्डप्रेसच्या प्लगइन-संग्रहाचे नियम सांगतात. आपल्यासारख्या थोरांना असले नियम कोण लावणार?

आपली सर्वव्यापी वृत्तीही वाखाणण्याजोगी. आपला ब्लॉक एकाच पानावर, पण आपल्या सीएसएस आणि जावास्क्रिप्टच्या फायली प्रत्येक पानावर. ‘वाचनालय आज किती वाजेपर्यंत उघडे?’ एवढेच पाहायला खेड्यातला वाचक साधा मोबाइल उघडतो. त्याने आपले घड्याळ आणि अभिप्राय उतरेपर्यंत ताटकळावे, ही केवढी मोठी सेवा!

आणि देवनागरीवरचे आपले प्रेम! आपल्या शीर्षकाच्या ब्लॉकमध्ये ‘दिवाळी अंक प्रदर्शन’ लिहिले. रोमन अक्षरांना शोभावे म्हणून आपण अक्षरांत अंतर सोडलेत आणि आमची शिरोरेषा जागोजागी तुटली. ओळीची उंचीही रोमन मापाची, त्यामुळे ‘दिवाळी’च्या वेलांट्या माथ्यावर छाटल्या गेल्या आणि ‘अंक’चा अनुस्वार नाहीसा झाला. शुद्धलेखनासाठी आयुष्य वेचलेल्या ग्रंथपालबाईंना आपण हे दाखवलेत, त्याबद्दल त्यांच्या वतीनेही आभार.

पण आपला खरा मोठेपणा कळला तो निरोप देताना. आपल्याला डिअ‍ॅक्टिव्हेट केले आणि सगळी प्रश्नोत्तरे पानावरून गेली. वर्गणी कधी भरायची, हरवलेल्या पुस्तकाचे काय करायचे, सारे कोरे. आपण आमची वाक्ये वाचता येईल अशा एचटीएमएलमध्ये ठेवलीच नव्हती. ती आपल्या ब्लॉकच्या खुणेत गुंडाळून ठेवली होती आणि ती उलगडणारे एकटे आपणच. एडिटर बिचारा एवढेच सांगत राहिला की या ब्लॉकला आता आधार नाही; तसाच ठेवा किंवा काढून टाका.

साहेब, ज्यांचे नाव या एडिटरला दिले, त्या योहानेस गुटेनबर्ग यांनी पंधराव्या शतकात माइन्त्स शहरात सुट्या खिळ्यांनी छपाई केली. छापून झाल्यावर खिळे पेटीत परत जात, पण छापलेला कागद वाचकाजवळ राही. खिळ्यांबरोबर मजकूरही उचलून नेण्याची कल्पना मात्र सर्वस्वी आपली.

आपल्या जातकुळीत सज्जनही आहेत, हे मान्य करायलाच हवे. ते हवा तेवढाच एक ब्लॉक देतात, त्याच पानापुरत्या फायली आणतात आणि गेल्यावर साधा मजकूर मागे ठेवतात. ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून असे सुटे ब्लॉक एडिटरमधूनच शोधून बसवता येतात. आपल्यामुळेच आम्हाला त्यांची किंमत कळली!

आता आपल्या कीर्तीला साजेशी एक परीक्षा इतर संस्थांना सुचवतो, रागावू नये. आधी मुळातले ब्लॉक नीट पाहावेत. तरी गरज उरली, तर प्लगइन शेवटचे कधी अपडेट झाले आणि वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासले आहे, ते पाहावे. मग साइटच्या चाचणीच्या प्रतीवर एक पान मराठीत बनवावे, प्लगइन बंद करावे आणि मजकूर वाचता येतो का ते पाहावे. येत नसेल, तर ते मूळ साइटवर बसवूच नये.

आमच्या प्रश्नोत्तरांचा मजकूर ग्रंथपालबाईंनी आणि सभासदांनी मिळून लिहिला आहे. तो वाचनालयाचा आहे, आपला नाही. यापुढे तो आपल्या ताब्यात जाणार नाही.

कळावे. लोभ आवरता घ्यावा, ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
वाचनालयाच्या वेबसाइटचा एक सेवक