बिनबिलाचं बांधकाम

माळशिरसहून घुमानला निघालेल्या आमच्या बसचा नामदेवरायांवर पूर्ण विश्वास होता, ड्रायव्हरवर जरा कमी. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "चंदीगडला भंगाराची बाग हाय, बघायची का?" मागच्या सीटवरून तात्या गवंडी ओरडले, "भंगार बघाय पंजाबात कशाला? आठवडी बाजार उठल्यावर आपला बाजारतळ बघ की!"

पण रॉक गार्डनच्या दारात तात्याच पहिले वाकले. वाकावंच लागतं, दारं मुद्दाम बुटकी ठेवलीत. आत डांबराच्या पिंपांची भिंत, संडासाची भांडी, कपबश्यांचे तुकडे, आणि बांगड्यांच्या काचांचे कपडे घालून ओळीनं उभ्या असलेल्या सिमेंटच्या बाया. काकूंनी कपाळाला हात लावला. "एवढ्या बांगड्या कुणी वाढवल्या गं बाई!"

गाइड सांगत होता. नेकचंद सैनी. फाळणीत गाव पाकिस्तानात गेलं, इथं बांधकाम खात्यात रस्त्यांवरचा निरीक्षक म्हणून लागला. ल कॉर्बुझिएच्या नव्या शहरासाठी जुनी गावं उठवली होती. त्यांचा राडारोडा हा गडी सायकलवरून जंगलात आणायचा. शिल्पकलेचं शिक्षण नाही, जागा सरकारी, परवानगी कुणाचीच नाही. सुमारे 18 वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

इथं तात्यांनी गाइडला थांबवलं.

"म्हंजे बांधकाम खात्यातला माणूस?"

"जी."

"अठरा वर्षं काम चालू, आन् बिल?"

"बिल नहीं."

"टेंडर?"

"नहीं."

तात्यांनी भिंतीवर टिचकी मारली, सांधा निरखला, पाण्याचा उतार बघितला. "काम पक्कं हाय," ते म्हणाले. "पर असला माणूस खात्यात टिकला कसा?"

टिकला नुसता नाही. जंगलातलं हे प्रकरण उघडकीस आल्यावर सगळं पाडायचं घाटत होतं. पण लोक बाजूनं उभे राहिले आणि 1976 मध्ये बाग रीतसर खुली झाली. नेकचंदलाच पगार देऊन तिथं नेमलं, हाताखाली 50 मजूर दिले. 1984 मध्ये पद्मश्री! पालखी मार्ग रुंद होताना ज्याची पानटपरी अतिक्रमणात गेली, तो आमचा पाव्हणा हे ऐकून बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "टपरीला बांगड्या चिकटवायच्या राहिल्या राव."

मग गाइडनं हात करून दाखवलं: 2025 मध्ये हायकोर्टाकडचा रस्ता वाढवायला याही बागेची भिंत पाडली.

टपरीवाल्याचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा खुलला. पुढं होऊन त्यानं गाइडच्या खांद्यावर हात ठेवला.

"मोबदला किती गावला?"