खड्ड्याला पालवी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो खड्डा आहे, त्यातली फांदी जगली आहे.

फांदी कसली, हे पुणेकराला सांगायला नको. खड्डा पडला की पहिल्या दिवशी एक दुचाकी त्यात जाते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात फांदी उभी असते. ती कोण रोवतं, कुठून आणतं, आजवर कोणी पाहिलेलं नाही. तिची निविदा निघत नाही, तिचं भूमिपूजन होत नाही, 'यांच्या प्रयत्नातून' असा फलक तिच्याशेजारी लागत नाही. या शहरात वेळेवर, फुकट आणि गाजावाजा न करता होणारं एवढं एकच काम उरलं आहे. काही भागांत फांदीऐवजी मोडकी प्लॅस्टिकची खुर्ची असते, कुठे टायर असतो, कुठे काठीला बांधलेलं फाटकं बनियन. सुखवस्तू सोसायट्यांच्या बाहेर मी कुंडीही पाहिली आहे. पण घराण्याची चीज म्हणजे फांदीच.

तर गेल्या आषाढात आमच्या खड्ड्यात अशी एक फांदी लागली. शेवग्याची. शेवगा नुसता खुपसला तरी धरतो, हे ज्याच्या घरामागे हातभर परसू होतं त्याला माहीत आहे. बी नको, खत नको. मनगटाएवढी फांदी तोडायची आणि ओल्या मातीत उभी करायची. त्यात आमच्या खड्ड्यातली व्यवस्था म्हणजे रोपवाटिकेनं हेवा करावा अशी. तळाला मुरूम, त्यावर केबलवाल्यांनी उकरून ठेवलेली काळी माती, बाजूच्या चेंबरमधून बारमाही झिरपणारं पोषक पाणी आणि भोवताली डांबराची गोल कड, मुद्दाम आळं केल्यासारखी. श्रावणात त्या काठीवर हिरवे ठिपके दिसायला लागले. वाऱ्यानं उडून गुटख्याच्या पुड्या अडकल्या असतील असं मला वाटलं. समोरचे पंक्चरवाले मामा म्हणाले, "साहेब, पानं हायेत ती."

मी सुजाण नागरिक असल्यामुळे मोबाइलवरून तक्रार केली. आठ दिवसांत निरोप आला की तक्रारीचं निराकरण झालं आहे, आणि पुरावा म्हणून सोबत एका रस्त्याचा फोटो. रस्ता देखणा होता. दुभाजकात बोगनवेल फुललेली, पांढरे पट्टे ताजे, सावल्या लांब. असा रस्ता माझ्या गल्लीत आला तर मी तुळशीला पाणी घालण्याआधी त्याला घालीन. मी पुन्हा तक्रार केली, आमच्या खड्ड्याचा फोटो जोडला. या वेळी मात्र खरोखर माणूस येऊन गेला असावा, कारण उत्तर अभ्यासपूर्ण होतं: 'सदर ठिकाणी प्रत्यक्ष पाहणी केली असता खड्डा आढळून आला नाही. वृक्ष आढळून आला. सबब तक्रार संबंधित खात्याकडे वर्ग करण्यात येत आहे.'

त्या 'सबब'वर मी दोन दिवस जगलो.

संबंधित खातं, म्हणजे झाडांचं, भलतंच तत्पर निघालं. मार्गशीर्षात दोघंजण डबा आणि कुंचला घेऊन आले आणि त्यांनी खोडाला खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा असा साग्रसंगीत पोशाख चढवला. पत्र्याची चकती आली. चकतीवर नंबर. मी त्यांना म्हटलं, "अहो, हा खड्डा आहे." त्यातला थोरला म्हणाला, "काका, खड्डा रस्त्यांकडे. आमच्याकडे वरचं." म्हणजे जमिनीच्या वरचा शेवगा एका खात्याचा आणि जमिनीखालचा खड्डा दुसऱ्याचा, मुळं नेमकी कोणाकडे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. माझ्या अख्ख्या गल्लीत अधिकृत नोंद असलेली वस्तू आता ही एकच. रस्त्याला नाव नाही, पदपथ कागदावर आहे, दिव्याच्या खांबावरचा नंबर पुसलेला. शेवग्याला मात्र नंबर. साहजिकच पत्ताही तोच झाला. खाण्याचे डबे पोचवणारी पोरं आता फोनवर विचारतात, "शेवग्याच्या अलीकडे की पलीकडे?"

(शेंदूर अजून कोणी फासलेला नाही. तो विनोद सगळ्यांनाच सुचतो, म्हणून मी करत नाही.)

मग चैत्र सरता सरता पावसाळापूर्व कामं नावाचा आपला वार्षिक उत्सव सुरू झाला आणि रस्त्यांच्या खात्याचा डंपर खरोखरच आमच्या गल्लीत आला. वाफाळता माल, मागे रोलर, बरोबर मुकादम. माझ्या घशात आवंढा आला. मुकादमानं शेवग्याकडे पाहिलं, चकतीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. खड्डा बुजवायचा तर झाड काढायला हवं. झाड काढायचं तर शहरातल्या झाडांच्या जतनाचा 1975 चा कायदा आडवा येतो. अर्ज, पाहणी, खोडावर नोटीस, हरकती, सूचना. कायदा चांगला आहे हो, तो नसता तर या शहरात सावली फक्त जाहिरातफलकांची उरली असती. पण त्या कायद्याला काय कल्पना, की झाड रस्त्यात आलं नसून रस्त्यातूनच आलं आहे! इकडे डंपरमधला माल गार होत चालला. गार झालेलं डांबर पसरत नाही आणि भरलेला डंपर परत नेला तर कागदावर तो गेलाच कुठे, हा प्रश्न येतो. मुकादम निर्णयक्षम होता. त्यानं सगळा माल दहा फुटांवरच्या धड रस्त्यावर ओतून वर रोलर फिरवला. त्यामुळे सध्या आमच्या गल्लीत शिरताना आधी उंचवटा, मग शेवगा, मग त्याच्या बुडाशी मूळचा खड्डा, अशी चढउताराची सोय झाली आहे. पूर्वी यासाठी सिंहगडावर जावं लागे.

आता ती पहिल्या दिवशीची दुचाकी. फांदी लागायच्या आदल्या संध्याकाळी त्या खड्ड्यात जी गेली, ती माझ्या ताईची.

वय एकोणसाठ. हँडलला भाजीची पिशवी, डोक्यावर हेल्मेट, वेग सायकलीचा. खड्ड्यात पाणी भरलेलं, वर रस्त्याइतकंच सपाट दिसणारं. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. रुग्णालयात फॉर्म भरताना 'अपघाताचे कारण' असा एक रकाना होता. काउंटरवरच्या मुलीनं न विचारता त्यात लिहिलं, 'स्वतः गाडीवरून घसरून पडल्या'. मी म्हटलं, खड्ड्यात पडल्या. ती म्हणाली, "तेच ना सर, दुसऱ्या कोणी ठोकलं नाही ना?" दुसऱ्या कोणी ठोकलं नाही! ज्यानं मुरूम टाकून वर बोटभर डांबर सारवलं, ज्यानं ते मोजून बिल मंजूर केलं, ज्यानं त्यावर केबल खोदायला परवानगी दिली आणि खोदल्यावर पाहायला आला नाही, हे सगळे त्या संध्याकाळी आपापल्या घरी होते, म्हणून ताई स्वतः पडली. कोथिंबिरीची जुडी घेऊन, एकोणसाठाव्या वर्षी, आपल्या खुशीनं. या शहरात रोज अशी किती माणसं स्वतःहून पडत असतील? हातपाय मोडायची हौस असलेल्यांचं एवढं मोठं गाव दुसरं नसेल.

म्हणून मी कायदा काढून वाचला. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, आणि 198-अ नावाचं एक कलम आलं. रस्ता ठरल्या दर्जाचा बांधला नाही, राखला नाही आणि त्यापायी कोणी मेलं किंवा अधू झालं, तर जबाबदार असलेल्याला दंड. जास्तीत जास्त 1 लाख रुपये. त्याच दुरुस्तीनं बिनहेल्मेट माणसाचा दंड 1000 रुपये केला. म्हणजे रस्त्यानं मारलेला एक माणूस बरोबर शंभर उघड्या डोक्यांएवढा. ताईचं मनगट जुळून आलं, त्यामुळे ती या हिशेबातही बसली नाही. पण कलमाची खरी गोडी पुढे आहे. न्यायालयानं निकाल देताना काय काय लक्षात घ्यावं याची तिथे यादी आहे, आणि त्यात असं आहे की, दुरुस्तीला सवड मिळणं शक्यच नव्हतं अशा ठिकाणी धोक्याची सूचना कोणती लावली होती, हेही पाहावं.

धोक्याची सूचना! मी चष्मा पुसून परत वाचलं. म्हणजे उद्या कोणी कोर्टात गेलंच, तर समोरचा वकील उठून म्हणणार, "महोदय, सूचना होती. शेवग्याची होती. गेरू-चुना लावलेली होती. पाच आकडी नंबर होता." आपण एकमेकांचा जीव वाचावा म्हणून जी फांदी रोवतो ती त्यांची ढाल! इतकी वर्षं या शहरातल्या प्रत्येक खड्ड्यापाशी आपण त्यांचा बचाव स्वखर्चानं उभा करतो आहोत, वर पाणी घालतो आहोत. त्या रात्री मला खरोखर कोयता घेऊन खाली जावंसं वाटलं. गेलो नाही. खाली गेलो असतो तर उंचवट्याला अडखळून स्वतःहून पडलो असतो.

तुम्ही म्हणाल, चांगले रस्तेही झाले की. आता जंगली महाराज रस्त्याचं नाव काढू नका. 1976 सालचा तो एक रस्ता, दहा वर्षांची हमी आणि त्यापुढे दशकंच्या दशकं खड्ड्याविना. दर पावसाळ्यात आपण त्याची आठवण काढतो, जणू त्याचं श्राद्धच घालतो. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 साली पाडला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. उलट चांदणी चौकातला जुना पूल पाडायला 2 ऑक्टोबर 2022 ला मध्यरात्रीनंतर 600 किलो स्फोटकं लावली, तरी तो सगळा खाली येईना. उरलेला पोकलेननं ओढून काढला. या शहरात टिकतं ते नको असलेलं.

यंदाच्या आषाढात आमच्या शेवग्याला शेंगा धरल्या. बोटभरच, पण धरल्या. त्याच आठवड्यात चाळीस पावलांवर पाण्याच्या नळासाठी चर खणला गेला, मातीनं बुजवला गेला आणि पहिल्या सरीला खचला. संध्याकाळी त्यात एक कॉलेजचा मुलगा गेला. गुडघे फुटले, बाकी ठीक. मला नियम ठाऊक होता. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला छत्री घेऊन मी खिडकीपाशी बसलो. ही फांदी रोवतं कोण, हे एकदा पाहायचंच होतं.

पाचच्या सुमाराला पंक्चरवाल्या मामांचं शटर अर्धं वर गेलं. मामा डोक्यावर पोतं घेऊन, हातात कोयता, शेवग्यापाशी आले. मी धावत खाली गेलो.

"मामा, तुम्ही?"

"मग कोन येनार साहेब?"

"पण खड्डे म्हणजे तुमचा धंदा ना?"

मामांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "खड्ड्यानं पंक्चर होत न्हाई. रिम वाकती. ते काम माझ्याकडं न्हाई."

त्यांनी नंबराची चकती बाजूला सारून एक जाडसर फांदी नीट पारखली, दोन घावांत तोडली, शेंगा काढून माझ्या हातात दिल्या, "आमटीत टाका" म्हणाले आणि चराकडे चालायला लागले. तिथे चिखलात फांदी उभी करून त्यांनी टाचेनं भोवतीची माती दाबली, एकदा हलवून पाहिली, वर आभाळाकडे बघितलं.

"पाऊस बरा हाय यंदा," मामा म्हणाले. "धरंल."