माननीय फॉर्म आरसी-268 यांस खुले पत्र

माननीय आरसी-268 साहेब,
मुक्काम पोस्ट कॅनडाचे महसूल खाते



पत्रास कारण की, कर विवरणपत्र भरायची 30 एप्रिल ही तारीख जवळ आली आणि आपली आठवण अनावर झाली. मी राहतो ओंटारिओतल्या विंडसरला आणि नोकरी करतो नदीपलीकडे डेट्रॉईटला. आमची ही जमात आपल्या चांगल्या परिचयाची आहे. इस्पितळातल्या नर्सबाई, मोटार कंपन्यांतले इंजिनिअर आणि माझ्यासारखे गाड्यांच्या धंद्यातून इथवर पोहोचलेले मराठी लोक, असा आमचा मेळा. सकाळी 1929च्या पुलावरून किंवा 1930च्या बोगद्यातून परदेशी जायचं आणि संध्याकाळी जेवायला स्वदेशी परतायचं. रांग नसेल तर माणूस काही मिनिटांत पार होतो. त्याच्या म्हातारपणाच्या पुंजीला मात्र आपला वशिला लागतो.

आपल्या घराण्याबद्दल मला नितांत आदर आहे. थोरले बंधू आरसी-267 तात्पुरत्या बदलीवरच्या लोकांचं बघतात. धाकटे 269 अमेरिका सोडून बाकीच्या देशांच्या योजना सांभाळतात. रोज सीमा ओलांडणारे आम्ही आपल्या वाट्याला आलो. घरात वाटण्या इतक्या चोख असल्या की भांडणाला जागाच उरत नाही.

कृतघ्न नाही मी. दोन्ही देशांचा कराबाबतचा करार 1980चा, पण आमची दया दोन्ही सरकारांना आली ती 2007च्या पाचव्या दुरुस्तीत आणि लाभ मिळू लागला 2009पासून. त्याआधी अमेरिका 401(के) या नोकरदारांच्या निवृत्ती योजनेत टाकलेल्या पैशाला करातून वगळायची आणि कॅनडा त्याच पैशावर कर लावायचा. अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट कॅनडा देतो. पण तिकडे कर कमी बसला की वजावटही कमी, आणि फरक इकडे भरायचा. म्हणजे वॉशिंग्टनने सोडलेला रुपया ओटावाने उचलायचा. आता तसं होत नाही, हे श्रेय आपलं.

फक्त आपली रीत जरा समजून घेतो. समजा पगार 90,000 अमेरिकी डॉलर, त्यातले 9,000 मी 401(के)मध्ये टाकले. वर्षअखेरीस कंपनी डब्ल्यू-2 हा पगाराचा दाखला हातात ठेवते. त्याच्या पहिल्या चौकटीत 81,000. बाराव्या चौकटीत ‘डी’ अक्षरापुढे ते 9,000 बसलेले. अमेरिकेचं काम संपलं. कॅनडा म्हणतो, थांबा, ते 9,000 परत पगारात मिळवा, 90,000 करा, कॅनडाच्या डॉलरमध्ये बदला, उत्पन्न म्हणून दाखवा, मग आरसी-268 साहेबांना भेटा, त्यांनी मान डोलावली तर विवरणपत्राच्या 20700 क्रमांकाच्या ओळीत वजा करा. नाक समोरच असताना हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असं आमचे अडाणी लोक विचारतात. मी त्यांना गप्प करतो.

आपली मान डोलते ती आरआरएसपी या कॅनडाच्या निवृत्ती बचत योजनेच्या मर्यादेपुरतीच, म्हणजे आदल्या वर्षीच्या कमाईच्या 18 टक्क्यांपर्यंत, 2025साठी फार तर 32,490 कॅनडियन डॉलर. 401(के)वर जी सूट घेतली, तेवढी आरआरएसपीत पैसे टाकायची जागा आटली. आवळा देऊन कोहळा नव्हे, आमच्याच कोहळ्यातला अर्धा कापून आम्हाला आवळा म्हणून दिलात.

‘आदल्या वर्षीच्या’ या शब्दांवर नवखे लोक अडखळतात. जो यंदाच कॅनडात येऊन विंडसरला बिऱ्हाड करतो, त्याची इथली आदल्या वर्षाची कमाई शून्य, जागा शून्य आणि सूटही शून्य. डेट्रॉईटच्या कंपनीने पहिल्या पगारापासून 401(के)ची कपात सुरू केली असेल, तर त्या बिचाऱ्याने दूरदृष्टी दाखवल्याबद्दल कर भरावा. काटकसर शिकवायची तर ती पहिल्याच वर्षी शिकवलेली बरी!

आणखी एक कौतुक. करोनानंतर आमच्या कंपन्यांनी आठवड्यातले एक-दोन दिवस घरून काम करायची मुभा दिली. आम्ही खूश. आपण मात्र करारावर बोट ठेवलंत: अमेरिकेत केलेल्या कामाच्या पगारातली 401(के)ची वर्गणी तेवढी आपली. विंडसरच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला की त्या दिवसाचा पगार कॅनडात कमावलेला, आणि त्या दिवसाच्या वर्गणीने आपल्या दारी येऊ नये. तोच साहेब, तेच काम, तीच कपात. फक्त मधे नदी नाही. पुलाचा टोल वाचवणाऱ्याला धडा हा शिकवायलाच हवा.

तेव्हा नम्र मागण्या तीन. डब्ल्यू-2वरचा आकडा जसा आहे तसा मान्य करावा. नाहीतरी मिळवून वजा केल्यावर बहुतेकांचा तोच उरतो. नव्याने आलेल्याला पहिल्या वर्षी चालू वर्षाच्या कमाईवर जागा द्यावी. आणि घरून केलेल्या कामाच्या वर्गणीला आपल्या कुटुंबातल्या कुणीतरी थारा द्यावा. 270 क्रमांकाचे कुणी चुलतभाऊ असतीलच.

यातलं काही जमणार नसेल, तरी हरकत नाही. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत 401(के)मधून पैसे काढले तर अमेरिका सहसा वर 10 टक्के दंड लावते, म्हणजे पैसे बाहेर पडू नयेत ही काळजी तिला. ते आत जाताना कर चुकू नये ही काळजी आपल्याला. म्हातारे होण्याची जबाबदारी तेवढी आमच्याकडे, ती आम्ही विनाफॉर्म पार पाडतो आहोत.

कळावे, लोभ आहेच, त्याची वृद्धी व्हावी. सूटही आहेच, तिचीही व्हावी.

आपला,
एक नित्य ये-जा करणारा