पहाटेचे मोजणीदार

थंडीच्या दिवसांत, हिरण्यकेशीवरचे धुके पात्रातून अजून उठलेले नसताना आणि पेठेतल्या मिरचीच्या व्यापाऱ्यांनी दुकाने उघडायला पुष्कळ अवकाश असताना, गडहिंग्लजच्या रस्त्याने जो गृहस्थ डोक्याला कानटोपी, गळ्यात कॅमेरा, खांद्यावर ट्रायपॉड आणि चेहऱ्यावर जमाबंदीला निघालेल्या अंमलदाराचे गांभीर्य घेऊन चाललेला दिसतो, तो चोर नव्हे, गस्तवाला नव्हे आणि साखर कारखान्याचा चिटबॉयही नव्हे. तो निसर्गछायाचित्रकार होय.

दिवसा हाच गृहस्थ एखाद्या हायस्कुलात भूगोल शिकवीत असतो किंवा एखाद्या पतसंस्थेत कर्जाच्या दरखास्ती नामंजूर करीत असतो. घरी मात्र त्याची ख्याती निराळी असते. दूध आणण्यासाठी सात वाजता ज्याच्या अंगावरचे पांघरूण ओढावे लागते, तोच पुरुष एका पाखरासाठी साडेचारच्या गजराआधी जागा कसा होतो, हा सवाल त्याच्या सौभाग्यवतींनी नातेवाइकांच्या भरसभेत अनेकवार उपस्थित केलेला असतो आणि त्याचे समाधानकारक उत्तर अद्याप दाखल झालेले नसते.

ज्या पाखरासाठी ही तपश्चर्या चालते, ते बहुधा कवड्या खंड्या असते. आंबोलीच्या डोंगरात उगम पावून गडहिंग्लजवरून संकेश्वराकडे, म्हणजे मराठीतून कानडीत, वाहत जाणाऱ्या या नदीच्या डोहावर हा काळापांढरा पक्षी पंख फडफडवीत अधांतरी एका जागी उभा राहतो आणि मासळी दिसताच सरळ खाली सूर मारतो. तो सूर चित्रात थिजवायचा तर कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात मिटला पाहिजे. त्यासाठी लख्ख उजेड पाहिजे. आणि थंडीत सूर्यनारायण सातच्या सुमारास उगवून धुक्यातून वाट काढून डोहापर्यंत पोचेतो खंड्याची न्याहारी आटोपलेली असते. उत्तर हिंदुस्थानातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी १९२० च्या दशकात जंगलवाटेवर तार ताणून खुद्द वाघाच्या पायानेच कॅमेरा चालवून घेतला, ही हकीकत आमच्या गृहस्थाला मुखोद्गत असते. परंतु वाघ तारेला पाय लावतो आणि खंड्या तारेवर निवांत बसून राहतो, हा स्वभावभेद चँपियनसाहेबांच्या युक्तीला गडहिंग्लज तालुक्यात चालू देत नाही.

अशा रीतीने मुख्य मोहीम फसली, की उपकथानकास आरंभ होतो. संकेश्वर-बांदा महामार्गाचे रुंदीकरण निघाल्यापासून ट्रायपॉड या वस्तूला या मुलखात एक स्वतंत्र दरारा प्राप्त झाला आहे. उसाच्या फडाकडेला कुणी तीन पायांवर काही उभे करून एका डोळ्याने पाहू लागला, की बांधावरून धोतर सावरीत एक शेतकरी लगबगीने येतो.

"रामराम सायेब. मोजणी व्हय? आमची हद्द त्या बाभळीपतुर हाय बगा. कागद घरात हाईत."

"मोजणी नव्हे, काका. पक्ष्याचा फोटो काढायला आलोय."

"पाखराचा?" काका क्षणभर विचारात पडतात. "आन् त्येच्यासाठी एवढ्या थंडीत? घरात सगळं बरं हाय न्हवं?"

येथे भीतीची जागा अनुकंपा घेते, आणि अनुकंपेचे उत्पन्न भीतीपेक्षा कितीतरी अधिक असते. मोजणीदाराला मिळाला असता तो एक कप चहा. या निरुपद्रवी, काहीशा वाट चुकलेल्या जीवाला मिळतो चहा, हरभऱ्याचा डहाळा आणि गाय व्यालेली असल्यास खरवस. पुढे गुऱ्हाळ लागते. तेथे चुलवाणावर काहिलीत रस उकळत असतो, भेंडीच्या चिकट पाण्याने वर आलेली मळी काढली जात असते आणि गुळव्या पाक उतरविण्याचा क्षण केवळ नजरेने हेरीत उभा असतो. "पाखरू कुठं जातंय? आदी रस घ्या," असे फर्मान सुटते. गृहस्थ घरी परततो तेव्हा खंड्याचे एकही चित्र नसते. मात्र पिशवीत गरम गुळाचा खडा असतो, बाटलीत काकवी असते आणि कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचे आग्रहाचे निमंत्रण खिशात असते. एवढे असूनही त्या दिवसाच्या टिपणवहीत तो एकच शब्द लिहितो : निष्फळ.

या जातीच्या गृहस्थाचे खरे वैगुण्य हेच, की जे मागितले नव्हते ते पदरात पडले तर ते जमेस धरावे, हे त्याला पटत नाही. १८४४ साली गडकऱ्यांच्या बंडाची ठिणगी जेथे पडली, त्या सामानगडावर तो ससाण्याच्या प्रतीक्षेत उभा राहतो. खाली सारा मुलूख धुक्यात बुडून केवळ टेकड्यांचे माथे वर राहिलेले असतात, आणि हा धुक्याला दूषणे देत, भिंग पुसून, कॅमेरा चालतो की नाही एवढे पाहण्यापुरते एक चित्र काढतो. उतरून गावात येतो तो मैदानावर पोरांचा फुटबॉलचा सराव चाललेला असतो. गडहिंग्लज हे फुटबॉलचे गाव. येथे पोर चालायला लागले की प्रथम काहीतरी लाथाडून पाहते. पडद्याचा वेग तपासण्यासाठी हा त्यांचीही दोनचार चित्रे घेतो.

पुढे गणेशोत्सवात त्याच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरते. पुढच्या भिंतीवर अस्पष्ट पक्ष्यांची रांग असते, आणि जागा उरली म्हणून कोपऱ्यात सामानगडाचे धुके, फुटबॉलची पोरे आणि वाफेआडचा गुळव्या लटकत असतात. गर्दी सारी त्या कोपऱ्यात. गुळव्या सहकुटुंब येऊन स्वतःपुढे उभा राहतो, पोरे आपापली ढोपरे ओळखतात, बाभळीपर्यंत हद्द असलेले काका सर्वांना सांगतात की ह्ये सायेब आमच्यात च्या पिऊन गेलेत. गृहस्थ मात्र खंड्याच्या रिकाम्या डोहापाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला पडद्याचा वेग समजावीत असतो आणि त्या कोपऱ्याची स्तुती कानी आली की किंचित दुखावतो.

माझ्या मते या गृहस्थाइतका श्रीमंत आणि आपल्या श्रीमंतीविषयी इतका बेखबर इसम तालुक्यात दुसरा नाही. वाचकांची त्याच्याशी गाठ पडलीच, तर खंड्याची चौकशी मुळीच करू नये. पिशवीत काय आहे ते विचारावे. आणि हंगाम गुऱ्हाळाचा असेल, तर आपली बाटली घरून न्यावी.