खोकी रिकामी आहेत

2022 पासून महाराष्ट्रात ‘खोके’ हा शब्द चारचौघांत उच्चारायची सोय उरलेली नाही. विधानभवनाच्या पायऱ्यांवर त्याचा अर्थच बदलून गेला. म्हणून आधीच सांगितलेलं बरं, की इथं ज्यांचा विषय आहे ती खोकी पुठ्ठ्याची आहेत, दिवाळीची आहेत आणि भाऊबीज उलटेपर्यंत खरोखरच रिकामी झालेली आहेत.

त्यांतल्या मानाच्या खोक्याचं दर्शन घेऊ. ते जावयाच्या कंपनीकडून येतं. बाहेर कुरिअरचा तपकिरी पुठ्ठा, त्यात चंदेरी कागदात गुंडाळलेलं दुसरं खोकं, कागद सोडवला की लोहचुंबकानं टक्‌कन मिटणारा मखमली डबा, डब्यात प्लॅस्टिकचा ट्रे. ट्रेच्या चार खळग्यांत काजू, बदाम, पिस्ते आणि मनुका. प्रत्येकी एक मूठ, तीही बालवाडीतल्या मुलाची. वर शुभेच्छापत्र: ‘चला, पर्यावरणपूरक दिवाळी साजरी करू या!’ पत्राला लॅमिनेशन केलेलं.

घरातल्या आजींचं लक्ष बदामांकडे नसतंच. ‘अगं, फाडू नकोस!’ ही त्यांची आरोळी नातीचा हात कागदापर्यंत पोचायच्या आत पोचते. मग नखानं चिकटपट्टी उचलायची, घडीवर घडी घालायची आणि कागद गादीखाली. रात्रभर इस्त्री फुकट. लग्नात आलेला कागद अशा रीतीनं मुंजीला जातो, मुंजीतला बारशाला. धोका एकच, आतल्या बाजूला जुनी चिठ्ठी चिकटून राहण्याचा. तशी ती राहिली, तर ज्यानं दिलं त्यालाच त्याचं नाव परत मिळतं. बुटांच्या खोक्यात विजेची बिलं, मोठ्या खोक्यांवर पोतं आणि माती थापून किल्ला, जूनमध्ये जुन्या कॅलेंडरच्या पानांची वह्यांना कव्हरं. कालपर्यंत या सगळ्याला चिकटपणा म्हणत. आता सस्टेनेबिलिटी म्हणतात आणि ती शिकवायला पैसे घेतात.

गंमत म्हणजे गिफ्ट पेपरचा जन्मही असाच नडीतून झालेला. 1917 च्या नाताळात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानातला भेटवस्तू गुंडाळायचा पातळ कागद संपला. पाकिटांना आतून लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद पडून होता, तो त्यांनी विकायला काढला आणि तो हातोहात खपला. हे दुकान पुढे हॉलमार्क झालं. जे वेळ मारून नेण्यासाठी होतं, त्याच्याशिवाय आता वाढदिवस साजरा होत नाही.

तो कागद निदान कागद तरी होता. आजच्या चमकी कागदावर प्लॅस्टिकचा नि धातूचा मुलामा असतो. कागद गिरणीत रद्दीचा पाण्यात लगदा करतात, तिथं हा मुलामा विरघळत नाही. पारख सोपी आहे. मुठीत चुरगळून सोडा. चुरगळलेलाच राहिला तर बहुधा कागद, आळस दिल्यासारखा पुन्हा उलगडला तर प्लॅस्टिक. मंत्रिमंडळ विस्तारानंतरच्या निष्ठांनाही ही परीक्षा लावून पाहायला हरकत नाही.

पुठ्ठ्याचं तसं नाही, त्याला खरीच किंमत आहे. धारावीच्या तेरा कंपाउंडात आणि आसपासच्या गाळ्यांत वापरलेली खोकी सोलून, छापील बाजू आत घालून पुन्हा शिवतात आणि विकतात. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. दारोदार कचरा उचलणाऱ्या या बायकांच्या कमाईत सुक्या मालाच्या विक्रीचा वाटा असतो. म्हणजे आपण खोकं कसं टाकतो त्यावर कुणाचं तरी मीठमिरचीचं गणित ठरतं. आणि आपण कसं टाकतो? न मोडता, आत काकडीची सालं भरून, वर उरलेली आमटी ओतून. भिजलेल्या, तेलकट पुठ्ठ्याला भाव कोण देणार? ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा, असं नियमांत लिहिलेलं आहे. ते सोसायटीच्या फलकावरही आहे, बरोबर कचऱ्याच्या डब्यामागे.

तुळशीच्या लग्नापर्यंत घर आवरतं. रद्दीवाला येतो, काटा टांगतो. कुरिअरचा पुठ्ठा घेतो, वर्तमानपत्रं घेतो, मिठाईची कोरडी खोकी कुरकुरत घेतो. मखमली डबा मात्र उघडतो, टक्‌कन मिटवतो आणि परत करतो. पुठ्ठा, कापड, डिंक आणि लोखंड एकमेकांना असे चिकटलेले की सुटे करण्यात त्याचा दिवस जाईल. पर्यावरणपूरक दिवाळीतली एवढी एकच वस्तू भंगारातही खपत नाही.

जावयाच्या कंपनीला एक विनंती आहे. पुढच्या वर्षी स्टीलच्या साध्या डब्यात घरगुती चिवडा पाठवा. डबा घासून परत मिळेल, आणि या घरातून डबा कधी रिकामा परत जात नाही.