पाटी कोरी करण्याची सोपी कृती

(शिक्षा भोगून सुटलेल्या आणि परदेशी जाऊ पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी)

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही सुटलात. अंगावर अटकेच्या दिवशीचे कपडे आहेत, ते आता ढगळ होतायत. हातात सुटकेचा दाखला आहे आणि आतल्या कारखान्यात कमावलेल्या मजुरीतले उरलेसुरले पैसे. गावच्या फाट्यावर एसटीतून उतरलात की पानटपरीवरचं बोलणं थांबेल. चुलते विचारतील, "कधी आलास?" जणू तुम्ही पुण्याला कंपनीत होता. पाचव्या दिवशी मेहुणा येईल, अंगणात बाजेवर बसेल आणि आवाज बारीक करून म्हणेल, "दाजी, हितं काय राह्यलंय आता? सरळ बाहेरच्या देशात जावा. तिथं कोण वळखतंय?"

मेहुण्याचा हा सल्ला अमलात कसा आणायचा, त्याची ही मार्गदर्शिका. लिहिणाऱ्याचा अधिकार एवढाच, की तालुक्याच्या कोर्टासमोर लिंबाखाली टेबल टाकून मी गेली बावीस वर्षं लोकांचे अर्ज भरून देतो. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आहे. लिंब तोच.

साहित्य: आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, निकालपत्राची प्रमाणित नक्कल (सगळी पानं, शेवटचं एकटं पान चालत नाही), पासपोर्टचे 1500 रुपये, आणि चपलांचा एक जास्तीचा जोड.

पायरी पहिली: आपण नक्की कोण ते ठरवा

नवशिक्याला वाटतं, गुन्हेगार म्हणजे गुन्हेगार. तसं नाही. 1967 च्या पासपोर्ट कायद्याचं सहावं कलम वाचा. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली असेल आणि तो निकाल अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतला असेल, तर पासपोर्ट नाकारला जातो. पाच वर्षं मोजायची ती निकालाच्या तारखेपासून, सुटकेच्या नव्हे. म्हणजे तुम्ही आत भाकरी थापत होता तेव्हाही हे घड्याळ चालूच होतं. सरकारी कामात अशी सवलत क्वचित मिळते, तिचा आनंद घ्या.

नैतिक अधःपतन म्हणजे काय, हे मात्र त्या कायद्यात कुठेच सांगितलेलं नाही. चोरी, फसवणूक यांत ते असतं, यावर सगळ्यांचं एकमत. पण बांधावरून भावकीत कोयता चालला तर अधःपतन नैतिक की नुसतंच जमिनीचं? माझ्या टेबलापाशी तीन वकिलांनी या प्रश्नावर चहा घेतला आहे आणि तिघांची मतं चार झाली आहेत.

आता खरी गंमत. शिक्षा झालेल्यापेक्षा जास्त अडकतो तो शिक्षा न झालेला. ज्याचा खटला अजून चालू आहे त्यालाही हेच कलम अडवतं, आणि खटला किती वर्षं चालावा याला मर्यादा नाही. त्याच्यासाठी 25 ऑगस्ट 1993 ची एक अधिसूचना आहे: ज्या कोर्टात खटला आहे त्याच कोर्टाची परवानगी आणायची. कोर्ट सांगेल तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो, आणि कोर्ट मुदत सांगायला विसरलं तर एक वर्षाचा. मोर्च्यात रस्ता अडवला म्हणून आरोपी झालेला एक तरुण दरवर्षी परवानगीचा अर्ज लिहून घ्यायला येत असे. एकदा वैतागून म्हणाला, "काका, सरळ गुन्हा कबूल केला असता तर?" मी त्याला चहा पाजला आणि अर्ज भरला. पण तो चुकीचं बोलला, असं मला म्हणता आलं नाही.

पायरी दुसरी: जुन्या कृतीच्या नादी लागू नका

एके काळी ही सगळी सोय सरकार स्वखर्चाने करून देत असे. त्याला काळं पाणी म्हणत. अंदमान सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या आधी 1825 पासून हिंदुस्थानातले कैदी सिंगापूरला जात. त्यांनी तिथले रस्ते केले, पाणथळ जागा भरल्या, सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल उभारलं. त्या चर्चच्या भिंतींच्या गिलाव्यात चुन्याबरोबर अंड्याचा पांढरा बलक आणि भरड साखर घातली होती म्हणतात. 1873 साली तिथला कैदखाना बंद झाला तेव्हा बरेच जण परत आलेच नाहीत. कुणी गवंडी म्हणून राहिले, कुणी दुकान टाकलं. पाटी कोरी झाली ती अशी, बेड्या घालून.

उलट दिशेनेही वाहतूक होती. तिकडचे चिनी आणि मलायी कैदी आपल्याकडे महाबळेश्वरला ठेवले होते, 1834 ते 1864. साहेबाच्या टेबलावर जाणारे बटाटे आणि विलायती भाज्या ते पिकवत. चायनामन्स फॉल्सपुढे उभे राहून तुम्ही सेल्फी काढलाय ना, त्या नावातला चायनामन म्हणजे हेच. ही योजना आता बंद आहे. तिकीट स्वतःचं स्वतः काढावं लागतं.

पायरी तिसरी: देश निवडा

देश निवडताना हवामान बघू नका, फॉर्म बघा.

ऑस्ट्रेलियात बारा महिने किंवा जास्त शिक्षा झालेला माणूस चारित्र्याच्या कसोटीत बसत नाही. 1788 साली कैद्यांच्या जहाजांनी ज्या वसाहतीचा श्रीगणेशा केला तिची आता अशी शिस्त आहे. एकदा आपण आत बसलो की डब्याचं दार लावून घ्यायचं, ही पॅसेंजर गाडीतली रीत सगळीकडे सारखीच. ब्रिटनही बारा महिन्यांवर रेघ मारतं. जपान एका वर्षावर. अमेरिकेचा फॉर्म शिक्षेपाशी थांबत नाही. तुम्हाला कधी अटक झाली होती का, असं तो विचारतो, आणि माफी मिळाली असली तरी सांगा म्हणतो. निर्दोष सुटलेल्यांनीही इथे हो लिहायचं असतं.

कॅनडाचं प्रकरण जरा सविस्तर घेतो, कारण गावोगावच्या मेहुण्यांचा सध्या तिकडे कल आहे. तिथे तुमचा गुन्हा आपल्या कायद्याने मोजत नाहीत. तोच गुन्हा कॅनडात केला असता तर काय झालं असतं, असं बघतात. गुन्हा किरकोळ असेल तर शिक्षा संपून दहा वर्षं झाली की माणूस सुधारला असं धरून चालतात, आणि पाच वर्षांनी तसा अर्जही करता येतो. ऐकायला छान. आता समजा, थर्टीफर्स्टच्या रात्री नाकाबंदीत तुमच्या तोंडापुढे नळी धरली गेली. आपल्याकडे पहिल्या वेळेला दहा हजारांचा दंड, फार तर सहा महिने. लोक दंड भरतात आणि दुसऱ्या दिवशी तोच किस्सा रंगवून सांगतात. पण डिसेंबर 2018 पासून कॅनडाने दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षांची केली, त्यामुळे तो गंभीर गुन्हा झाला आणि दहा वर्षांनी आपोआप सुधारण्याची सोय त्याला लागू होत नाही. कोयतावाल्याचं मी समजू शकतो. पण लग्नाच्या वरातीतून परतताना पकडला गेलेला, बँकेत नोकरी करणारा, सत्यनारायणाला सोवळं नेसणारा माणूस माझ्या टेबलापाशी "म्हणजे मी गंभीर गुन्हेगार?" म्हणून रडकुंडीला येतो, तेव्हा काय बोलावं सुचत नाही.

कुणी तुम्हाला फ्रान्सच्या फॉरेन लीजनचं नाव सांगेल. तिथे दुसऱ्या नावाने भरती होता येतं, हे खरं. वय साडेसतरा ते साडेएकोणचाळीस आणि पहिला करार पाच वर्षांचा. पण फ्रान्सच्या दारापर्यंत पासपोर्टवर आपल्या खर्चाने जावं लागतं, ते तुमचा पूर्वेतिहास तपासतात आणि मोठ्या गुन्ह्यांतल्या माणसाला घेत नाहीत. शिवाय पाच वर्षं सक्तीची कवायत. ती तुम्ही करून आला आहात.

मोठ्या लोकांची रीत इथे देत नाही. त्यांच्यात आधी परदेश आणि मग खटला, असा क्रम असतो. विजय मल्ल्या 2 मार्च 2016 ला गेले आणि जानेवारी 2019 मध्ये कोर्टाने त्यांना फरार आर्थिक गुन्हेगार जाहीर केलं. त्या कायद्याची पात्रता 100 कोटी रुपयांपासून सुरू होते. आपल्यापैकी कुणी त्यात बसत नाही.

पायरी चौथी: खोटं लिहू नका

पासपोर्टच्या अर्जात खोटी माहिती दिली तर दोन वर्षांपर्यंत कैद. परत तिथेच.

पायरी पाचवी: पीसीसी

आता माझ्याकडच्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट. नाव लिहीत नाही, त्याची पोरगी आता वाचते.

बांधावरून चुलतभावाशी भांडण, कोयता, हाताची दोन बोटं, कलम 326, तीन वर्षं सक्तमजुरी. येरवड्याला गेला तेव्हा शेतकरी होता, सुतारकाम शिकून आला तो सुतार होऊन. हात फार चांगला. मेहुण्याने सांगितलेलं त्याच्या मनात बसलं. निकालाला पाच वर्षं होईपर्यंत थांबला आणि पासपोर्ट काढला. तो अर्ज मीच भरला. आलाही. नववी पास असल्यामुळे त्यावर ईसीआर, म्हणजे कुवेतसारख्या देशात नोकरीला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची परवानगी हवी. कमी शिकलेल्या भाबड्या माणसाला तिकडे कुणी फसवू नये, म्हणून सरकारने केलेली ही सोय. त्याला तोवर इथल्याच एजंटाने साठ हजारांना फसवलं होतं. कायद्याने तीस हजार आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं.

कुवेतच्या नोकरीच्या व्हिसाला पीसीसी लागते. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. त्याने विचारलं, "पाच वर्षं झाली की. मग आता काय?" मी सांगितलं, पाच वर्षं पासपोर्टपुरती. पीसीसीत रेकॉर्डला जे असेल ते येतं, आणि रेकॉर्डला वय नसतं. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्टखाली आत न जाता सुटला असतास, तर त्या कायद्याचं बारावं कलम म्हणतं, शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. तू पूर्ण शिक्षा भोगलीस, म्हणून तुला तो फायदा नाही. तो हसला. मला वाटतं, त्याला विनोद कळला नव्हता.

अर्ज गेला तो फिरून आमच्याच पोलीस ठाण्यात आला. नेहमीच येतो. कुवेत असो, कॅनडा असो, रस्ता आपल्या ठाण्याच्या व्हरांड्यातूनच जातो, हे मेहुण्याला कुणीतरी सांगायला हवं. चौकशीला बोलावलं तेव्हा मी कागद घेऊन बरोबर गेलो. गोपनीयचं काम बघणारे हवालदार चष्मा कपाळावर चढवून बसले होते. नवे शिपाई असताना त्यांनीच त्या कोयत्याला मुद्देमालाचं लेबल लावलं होतं. त्यांनी ओळखलं. ओरडले नाहीत, पैसे मागितले नाहीत, चहा मागवला.

"काय रे, बांधाचं काय झालं शेवटी?"

"मोजणी व्हायचीय अजून, साहेब."

"अजून?"

"दोनदा तारीख मिळाली. मोजणीदार आला नाही."

हवालदारांनी मान हलवली, रजिस्टर पुढे ओढलं आणि त्यात होतं ते लिहिलं. गुन्हा, कलम, निकाल, शिक्षा. शिक्षा भोगून झाली, हेही लिहिलं. मग फॉर्म फिरवून आम्हाला दाखवला, म्हणाले, "खोटं काही नाही ना?" नव्हतं. एक शब्द खोटा नव्हता.

महिनाभराने पीसीसी देता येत नाही असं कळलं. कुवेतला एजंटाने दुसरा सुतार पाठवला. साठ हजार परत आले नाहीत.

आमचा सुतार सध्या तालुक्यातच काम करतो. माझं टेबल पावसाने कुजलं होतं, ते त्याने बाभळीचं नवं करून दिलं, कप्प्याला कुलूपही बसवलं. याच टेबलावर परवा त्याचा मेहुणा बसला होता. कॅनडाचं विचारत होता.

ज्यांना तरीही सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी: पीसीसीचं शुल्क 500 रुपये आहे. अर्ज नाकारला तर ते परत मिळत नाही.